मदत हवी आहे: २० बाय १० च्या फ्लेक्सला फोटो नेमका किती मोठा लागतो?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे फ्लेक्स करून घ्यायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय, कारण "तू कॉम्प्युटरवर बसतोस ना!" बसतो, पण टॅलीवर.

दोन गोष्टी छापायच्या आहेत. रामबागेत रस्त्याच्या कडेला लागणारं २० बाय १० फुटांचं होर्डिंग. ते लोक ३०-४० फुटांवरून, तेही गाडीवरून जाता जाता बघणार. आणि मंडपाच्या दाराशी ६ बाय ३ ची स्टँडी, जिला खेटून सगळे सेल्फी काढतात.

मागच्या वर्षी स्टँडीला व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तसाच दिला होता. बाप्पाच्या डोळ्यांच्या जागी चक्क ठोकळे! शेजारच्या काकू हात जोडून पुढे आल्या, थबकल्या, चार पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "इथून बरा दिसतो रे."

यंदा फ्लेक्सवाला आधीच बजावतोय, "भिया, तीन सौ डीपीआई में लाओ, नहीं तो फोटो फट जाएगा." डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, एवढं कळलं. म्हणून घरी फोटोशॉपमध्ये २० फूट, १० फूट, ३०० असं भरलं. ७२,००० बाय ३६,००० पिक्सेल! लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि सगळं ठप्प. भाच्याच्या फोनमधला मूर्तीचा फोटो ४००० बाय ३००० चा आहे. तो चालेल का, की कॅमेरावाला बोलवावा लागेल? वर्गणी बेताचीच आहे.

शाईचं बोट:
कॅमेरावाल्याचे पैसे प्रसादाला ठेवा. तुम्ही केलेली फाइल उघडली असती तरी नुसत्या आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) पावणेआठ जीबीच्या घरात गेली असती. जेपेगमध्ये एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या वर जाताच येत नाही, म्हणजे ती सेव्हसुद्धा झाली नसती.

३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या कागदाचा. लांबून बघताना डोळ्याला तेवढं बारीक दिसतच नाही. ढोबळ हिशेब असा: माणूस किती इंचांवर उभा आहे ते बघा आणि ३४३८ ला त्याने भागा. ४० फूट म्हणजे ४८० इंच, उत्तर आलं ७. इंचाला ७ पिक्सेल! ३० फुटांवर साडेनऊ. तुमचा ४००० चा फोटो २४० इंचांवर ताणला तर इंचाला साडेसोळा पडतात. होर्डिंगची चिंताच सोडा.

खरी गोची स्टँडीत आहे. सेल्फीवाले तीन फुटांवर असतात, तिथे ३४३८ भागिले ३६ म्हणजे ९५ लागतात. उभा फोटो पूर्ण सहा फूट ताणलात तर इंचाला ५५ च मिळतील. म्हणून मूर्ती ३० बाय ४० इंचांतच बसवा, बरोबर १०० येतात. उरलेल्या जागेत नाव, तारखा, तोरण-महिरप वगैरे कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) वेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांचं चित्र करून टाका, ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

आणि फ्लेक्सवाल्याला विचारा, ३०० कुठल्या मापाला? बहुतेक तो एक दशांश मापाची फाइल मागत असेल. २४ बाय १२ इंचांत ३०० म्हणजे पुऱ्या मापात ३०. मशीनचा ७२० डीपीआय हा आणखी वेगळा प्रकार, ते शाईचे थेंब. त्याचा तुमच्या फोटोशी संबंध नाही.

सुरसागरकाठची:
वडोदऱ्याहून. दादांनी सांगितलं ते बरोबरच, पण भाच्याला तो फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की पिक्सेल गळालेच. फोटो मोठा करून देणारी एआय ॲपं मूर्तीच्या वाटेला जाऊ देऊ नका. ती डोळे स्वतःच्या मनाने काढतात. डोळ्यांची आखणी मूर्तिकाराने केलेली असते, ॲपने नाही.

अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत बदलून) फाइल द्या, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाँट नसला की जोडाक्षरं सुटी होऊन पडतात. हिंदी ऑपरेटर असेल तर 'ळ' वर डोळा ठेवा. आमच्याकडे गुजरातीत ळ आहे, म्हणून तेवढं तरी निभावतं. तुमच्या तिकडे 'मंडळ' चं 'मंडल' व्हायला वेळ लागत नाही.

शाईचं बोट:
हो, आणि शेंदरी रंग स्क्रीनवर झळकतो तेवढा फ्लेक्सवर येणार नाही. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) करून आधीच बघा. सगळ्या बाजूंनी तीनेक इंच मोकळे सोडा, फ्रेमवर दुमडण्यात जातात. शक्य असेल तर नुसत्या डोळ्यांचा भाग खऱ्या मापात ए-फोरवर छापून भिंतीला लावा आणि तीन फुटांवर उभे राहा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार! दुकानात जाऊन विचारलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे भिया, दो फुट बाय एक फुट में तीन सौ, पूरे में थोड़ी!" हे आधी बोलला असता तर माझा रविवार वाचला असता.

मागच्या वर्षीची फाइल शोधली, १२०० बाय १६००. सहा फुटांवर ताणल्यावर इंचाला २२, म्हणजे एकेक ठिपका मिलिमीटरहून मोठा. ठोकळे दिसणारच.

नवा प्रूफ आला. 'मंडल' च होतं, ताई! दुरुस्त करून घेतलं. डोळ्यांचा ए-फोर दाराला चिकटवून काकूंना बोलावलं. त्या जवळ आल्या, चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे छान आलेत. बाकीचा गणपती कुठाय?"