कर्जतच्या वाडीसाठी चेनसॉ बॅटरीचाच घ्या

दादा, तुम्ही विचारलंय की मुंबईत राहून शनिवार-रविवार कर्जतच्या वाडीवर जाणाऱ्याने जळणासाठी नि झाडं विरळ करायला पेट्रोलचा चेनसॉ घ्यावा की बॅटरीचा, तर माझं मत सरळ बॅटरीचा. पेट्रोलवाला महिनाभर पडून राहिला की कार्ब्युरेटर चोंदतो आणि अर्धी सकाळ दोरी ओढण्यात जाते. सुबाभूळ काढणं, मांडीएवढे ओंडके पाडणं याला १२-१४ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) बास, फक्त जास्तीची एक बॅटरी घ्याच आणि गरम असताना चार्जिंगला लावू नका, निवू द्या आधी. चेनला ऑइल यालाही लागतंच हो! भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की धार गेली समजा, कानस मारा, धारेची चेन जाडसर कपचे काढते. बारच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली तर सॉ उसळून थेट तोंडावर येतो, तिथे फार जपा, गॉगल-बूट हवेतच. वाडीत साग, खैर असेल तर परवानगीशिवाय तोडू नका, आणि इकडे सोसायटीतल्या झाडाची फांदी छाटायची तरी आधी पालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करा, १९७५ चा कायदा आहे त्याला.