मदत हवी आहे : समुद्र ‘वादग्रस्त’ आहे हे ठरवते कोण?

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. दक्षिण चीन समुद्राच्या तासाला फळ्यावर चीनची नऊ तुटक रेघांची हद्द काढली होती. व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागून उतरणाऱ्या रेघेवर बोट ठेवून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कोणीही अशी रेघ ओढली, की तिथला समुद्र वादग्रस्त होतो का?” मला नेमके उत्तर देता आले नाही.

उदाहरण २०१९ चे घेतले होते. जुलैमध्ये ‘हायांग दिझी ८’ हे चिनी सर्वेक्षण जहाज व्हॅनगार्ड बँक या व्हिएतनामजवळच्या उथळ समुद्रभागाच्या परिसरात आले आणि त्याच सुमारास समुद्रातील ज्या तेल-वायू गट ०६.१ मध्ये आपल्या ओएनजीसी विदेश या सरकारी तेल कंपनीचा ४५ टक्के वाटा होता, तिथल्या खोदकामाला रसद पुरवणाऱ्या नौकांना चिनी तटरक्षक जहाजाने अडथळे आणले. व्हिएतनामचे म्हणणे असे, की हे आमचे अनन्य आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा, साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असलेला पट्टा) आहे, येथे वादच नाही.

१९८२ च्या सागरी कायदा कराराची कलमे ७४ आणि ८३ सांगतात, की सीमा ठरेपर्यंत अंतिम तोडगा धोक्यात येईल असे काही करू नये. गयाना-सुरिनाम वादात लवादाने २००७ मध्ये या तत्त्वाचा अर्थ लावताना, भूकंपीय सर्वेक्षण (ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालची पाहणी) चालेल, पण समुद्रतळात कायमचा बदल घडवणारे खोदकाम एकतर्फी करता येणार नाही, असा भेद केला. मात्र गयानाने परवाना दिलेला तेलफलाट सुरिनामच्या नौदलाने २००० मध्ये हुसकावून लावला, ती बळाची धमकीच ठरवली. घाना-आयव्हरी कोस्ट सागरी सीमा प्रकरणात आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाच्या २०१५ च्या अंतरिम आदेशाने नवे खोदकाम थांबवले, पण २०१७ च्या निकालात घानाने कलम ८३ चा भंग केला नसल्याचे ठरले, कारण त्याचे काम अखेर त्याच्याच वाट्याला आलेल्या भागात झाले होते. निकालानंतर कळणारी हद्द आधीच्या संयमाचे माप कशी होऊ शकते, हे मला अजून पटलेले नाही.

जाणकारांना विनंती : हा संयम लागू होण्यासाठी नुसता दावा पुरतो, की त्या दाव्याला करारात काही आधार असावा लागतो? फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात लवादाच्या २०१६ च्या निवाड्याने चीनच्या त्या नऊ रेघांच्या आतील साधनसंपत्तीवरचा ऐतिहासिक हक्क निराधार ठरवला, पण तो फिलिपिन्स आणि चीन यांच्यापुरताच बंधनकारक आहे. मग व्हिएतनामला त्याचा आधार कितपत घेता येईल? पुढच्या सोमवारी त्याच वर्गावर तास आहे आणि त्या मुलीला मला नीट उत्तर द्यायचे आहे.