पावसाळी ट्रेकला खिशात मावेल असं भरवशाचं सामान सुचवा

जुहूचा_पंखेवाला
जुहूहून बॉम्बे हायच्या तेलाच्या रिग्जवर हेलिकॉप्टर नेतो. किनाऱ्यापासून साधारण १६० किमी, खाली नुसतं पाणी. म्हणून आम्हाला मधूनमधून बुडायचं ट्रेनिंग असतं. पाण्याच्या टाकीत हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा डबा, आम्हाला आत बसवून, उलटा करतात, कारण खरं हेलिकॉप्टरही पाण्यात उलटतं. इंजिन-गिअरबॉक्सचं वजन डोक्यावर ना! एका हाताने खिडकीची कड धरायची, डबा थांबला की खिडकी ढकलायची, पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. घाईत आधी सोडला की वर कुठे, खाली कुठे, काही उमगत नाही. बाहेर आल्यावर अंगावर जे असेल ते आपलं. बॅग बुडाली.

एवढं शिकून गेल्या जुलैत खिरेश्वरहून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगडावर निघालो, तर टॉर्च सॅकमध्ये आणि सॅक मित्राच्या पाठीवर! पठारावर धुकं उतरलं, मित्र पुढे गेलेला. रात्र एका कातळाला टेकून काढली. खिशात लायटर होता, पण भिजून चाक नुसतंच फिरत होतं. बायको म्हणाली, "तुला विमान कोण चालवायला देतं?" (हेलिकॉप्टर म्हणायचा तिला कंटाळा.)

तर अंगावर राहील असं काय घेऊ? 'अकरा-इन-वन' नको. तसलं ब्रेसलेट आहे घरी, त्याचं होकायंत्र सतत फ्रिजकडे बघतं.

ठाणे_स्लो
कॅप्टन, जुलैत आगीचा नाद सोडा. सगळं लाकूड ओलं असतं. कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या घडी करून मागच्या खिशात ठेवा. तोंडापुरतं भोक पाडून एक डोक्यावरून घ्यायची, दुसरीत पाय. सॅक असेल तर तिच्यावर बसा, कातळ सगळी ऊब ओढून घेतो. शेकोटी करायचीच असेल तर सायकलच्या ट्यूबचे तुकडे न्या, पावसातही धरतात. वास मात्र भयंकर.

माहीमकर
सरळ सॅटेलाइट फोन घ्या की साहेब.

जुहूचा_पंखेवाला
अहो, दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो बाळगला तर उपाशी मरण्याआधी पोलीसच सापडतील. आमच्या हेलिकॉप्टरमधला बीकन (संकटाचा सिग्नल देणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो, पण तो काही मी उपटून नेऊ शकत नाही.

@ठाणे_स्लो, पिशवीचं पटलं. कातळाचं तर पाठीलाच पटलंय.

दादरची_मावशी
शिट्टी गळ्यात घाला. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो. आतला मणी ओला झाला की अडकतो, म्हणून बिनमण्याची घ्या. आणि रेंजची एखादी काडी दिसली तर कॉलआधी मेसेज टाका, तो बऱ्याचदा निसटून जातो.

जुहूचा_पंखेवाला
मावशी, बिनमण्याची शिट्टी आणली. बादलीत बुडवून गच्चीवर वाजवली. सातव्या मजल्यावरून वॉचमन धावत वर आला. चालते.