दोन्हीकडे प्रवेश मिळाला, मग ठरवलं कसं?

मुलीला फर्मागुडीच्या आयआयटीत मॅथेमॅटिक्स अँड कंप्युटिंग मिळतंय आणि झुआरीनगरच्या बिट्समध्ये, म्हणजे खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात, कंप्युटर सायन्स. आठ दिवस पानावर बसलं की हाच विषय. बिट्सची फी ऐकल्यापासून हे गप्प आहेत. तुमच्याकडे काय घडलं ते सांगा. सल्ले नकोत, ते शेजारी देतात.
(एक आई, फोंडा, गोवा)

माझं मी ठरवलंच नाही, 'फ्लोट'नं ठरवलं. काकांचे खाणीवरचे ट्रक 2012 च्या खाणबंदीपासून दारात उभे, तरी त्यांचा हट्ट धनबादच्या आयआयटीतल्या मायनिंगचा. 'तिथं कुठं लागतंय' म्हणून मी जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्र प्रवेशाच्या, पसंतीयादीत ते सगळ्यात वर टाकलं. पहिल्या फेरीत कुंकळ्ळीच्या एनआयटीत कंप्युटर लागलं. मला तेच हवं होतं! फ्रीझ करायचं, म्हणजे तीच जागा पक्की, तर म्हटलं बघू, फ्लोट ठेवू, म्हणजे जागा हातात ठेवून यादीत वरचं काही लागतंय का बघायचं. तिसऱ्या फेरीत धनबाद लागलं आणि कुंकळ्ळीची जागा आपोआप गेली. ती परत मिळत नाही. काकांनी पेढे वाटले, मी खोलीचं दार लावून घेतलं. आता तिसऱ्या वर्षाला आहे, वाईट चाललेलं नाही. चवथीला मात्र गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी व्हिडिओवर बघतो.
(डिचोली)

बिट्समध्ये मला अर्थशास्त्राची एमएस्सी मिळाली. ही दुहेरी पदवी; सोबतची बीई कुठली, ते पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरतं. हजेरीची सक्ती नाही म्हणून हुरळून गेले होते. पण ते वर्ष म्हणजे पुन्हा बारावीच.
(मडगाव)

आमच्याकडे पैशांनी ठरवलं, लाज कसली? आयआयटीची शिकवणी फी वर्षाला 2 लाख. घरचं उत्पन्न 1 ते 5 लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, त्याखाली पूर्ण. हे कळायच्या आधी मी बँकेत कर्जाचा फॉर्म भरून बसलो होतो. मग मुलाला घेऊन फर्मागुडीला गेलो. इंजिनीअरिंग कॉलेजच्या आवारातलीच आयआयटी बघून त्याचं तोंड उतरलं. तिथल्या दोन सीनियर मुलांशी तासभर बोलल्यावर म्हणाला, "बाबा, इथंच."
(वाळपई)

मेडिकल. मुंबई सोडून इथलं बांबोळीचं कॉलेज घेतलं. आजी आजारी होती. बस.
(पेडणे)

मुलीनं सगळं वाचलं. बिट्सचं अजून ठरत नाही, पण आत्ताच लॅपटॉप उघडून विचारत होती, "आई, मी फ्लोटच ठेवलंय ना गं?"
(फोंड्याची आई)