चेहरा टॉलेमी पहिल्याचा, पण विक्रेता म्हणतो दुसऱ्याचं नाणं

नवा_संग्राहक
चांदीचं टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्माचं ग्रीक नाणं) बघून ठेवलंय. बाकदार नाक, पुढे आलेली हनुवटी, डोक्याला राजपट्टी, मागे वज्रावर उभा गरुड. हा टॉलेमी पहिलाच ना? नोंदीत 'टॉलेमी दुसरा' लिहिलंय. शिवाय वजन १४.१ ग्रॅम, अलेक्झांडरचं हाताळलं होतं ते १७ च्या पुढे होतं. बनावट आहे का?

गरुडछाप
वजन घाबरण्यासारखं नाही. अलेक्झांडरचा सेनापती आणि पुढे इजिप्तचा राजा झालेल्या टॉलेमी पहिल्याने अलेक्झांडरचं साधारण १७.२ ग्रॅमचं माप सोडून नाणं टप्प्याटप्प्याने हलकं केलं, ते १४.२ च्या आसपास स्थिरावलं. इजिप्तमध्ये बाहेरची नाणी चालत नसत, बदलून घ्यावी लागत, म्हणून त्याला हे जमलं.

चेहऱ्याचं म्हणाल तर तो पहिल्याचाच, आणि तरीही विक्रेता बरोबर असू शकतो! इ.स.पू. ३०५ च्या सुमारास राजा झाल्यावर त्याने स्वतःचं मुख नाण्यावर आणलं. लायसिमॅकसने, म्हणजे अलेक्झांडरच्याच दुसऱ्या एका सेनापतीने, मात्र मेंढ्याची शिंगं असलेला अलेक्झांडरच ठेवला. टॉलेमीच्या वंशजांनी चांदीवर मूळपुरुषाचाच चेहरा दोनशेहून अधिक वर्षं चालवला. मला हा चेहरा सगळ्या ग्रीक राजांत आवडतो; कोरणाऱ्याने त्याला देखणं करण्याचा प्रयत्नच केलेला नाही. कानामागे बारीक डेल्टा (त्रिकोणी ग्रीक अक्षर) दिसतो का बघा, ती कोरणाऱ्याची सही मानतात.

राजा ठरतो मागच्या बाजूवर. 'बासिलेओस' (राजाचं) असेल तर बाप की मुलगा हे टंकसाळीच्या खुणांवरून शोधावं लागेल. 'सोतेर' (तारणहार, ही पहिल्याची उपाधी) असेल तर मुलाचा काळ किंवा त्यानंतरचा. गरुडाच्या दोन्ही बाजूंना काय आहे?

ठोकीव
वजन जुळलं म्हणून नाणं खरं ठरत नाही. कडेचा फोटो मागवा. ओतीव नकलेला कडेवर सांधा दिसतो किंवा घासून काढल्याच्या रेघा, आणि पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे. आधी कोणाच्या संग्रहात होतं त्याचे कागदही बघा.

नवा_संग्राहक
कडा स्वच्छ आहे, जुन्या लिलावाची नोंदही आहे. मागे 'सोतेरोस'. डावीकडे सिग्मा-इओटा, उजवीकडे लॅम्डा आणि खाली एकमेकांत गुंतवलेल्या अक्षरांची एक खूण.

गरुडछाप
वा! सिग्मा-इओटा म्हणजे सिडोनची (आजच्या लेबनॉनमधल्या) टंकसाळ. ग्रीक अक्षरं आकडे म्हणूनही वापरत, त्यात लॅम्डा म्हणजे ३०. टॉलेमी दुसऱ्याच्या राज्याचं तिसावं वर्ष, साधारण इ.स.पू. २५६. सिडोन ज्यात येतं त्या फिनिशियातल्या टंकसाळी त्या काळात साल घालत. नोंद बरोबर आहे. पुढे घ्याल तर बॅक्ट्रियाचा (आजच्या अफगाणिस्तानाकडचा) ग्रीक राजा युथिडेमस याचं नाणं घ्या. तिथे तोच राजा तरुणपणी आणि सुरकुतलेल्या म्हातारपणीही भेटतो.