मदत हवी आहे: माणसं आपखुशीने राहायला गेली, तर वसाहत बेकायदा कशी?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, जळगावला एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंधरा दिवसांनी कॉलेजात अभिरूप न्यायालय आहे. वेस्ट बँक म्हणजे 1967 च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून ताब्यात घेतलेला पॅलेस्टिनी प्रदेश. तिथल्या इस्रायली वसाहती बेकायदा आहेत, ही बाजू माझ्याकडे आलीय.

युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं (1949) कलम 49, सहावा परिच्छेद पाठ आहे: कब्जा करणाऱ्या सत्तेने आपले नागरिक व्याप्त प्रदेशात हलवायचे नाहीत. सुरक्षा परिषदेचा 2016 चा ठराव 2334 वाचला. 14 मतं बाजूने, विरोधात एकही नाही, अमेरिका तटस्थ. तरी काल सरावात समोरच्या मुलीने विचारलं, "त्या कुटुंबांना कुणी ट्रकमध्ये कोंबून नेलं का? स्वतः घर घेतलं, स्वतः गेले. मग हलवलं कुणी?" मला उत्तरच देता आलं नाही.

दुसरं जमिनीचं. ती म्हणते, बऱ्याच वसाहती सरकारी जमिनीवर आहेत, त्यात कुणाचं काय गेलं? इथे मला घरचं आठवलं. सातपुड्याच्या पायथ्याशी आजोबांपासून आम्ही कसतो ती जमीन, सातबारा नाही. वनहक्काचा दावा लावताना वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या काढल्या. घड्यांवर फाटलेल्या, आजोबांचा अंगठा असलेल्या. 2005 च्या आधीपासून कसतोय याचा पुरावा म्हणून त्याच जोडल्या. त्यामुळे ‘कागद नाही म्हणजे सरकारी’ हे मला पचत नाही. पण हे मांडण्याजोगं आहे, की नुसती माझी भावना? जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद:
भाऊ, मी धुळ्याला वकिली करतो. आधी कलम 49 चा पहिला परिच्छेद काढ आणि सहाव्याच्या शेजारी ठेव. तिथल्या रहिवाशांना बाहेर नेण्याबद्दल पहिल्यात ‘जबरदस्तीने’ हा शब्द आहे. सहाव्यात तो नाही. सहाव्यातली बंदी राहायला जाणाऱ्यावर नाही, सरकारवर आहे. रस्ते, पाणी, सवलती, लष्कराचा पहारा कुणी दिला ते विचार तिला. इस्रायलने वेस्ट बँकेत बांधलेल्या भिंतीच्या 2004 च्या प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या मतात म्हटलंय की अशा स्थलांतराची आखणी करणं, त्याला उत्तेजन देणं हेही या बंदीत येतं. त्या मताच्या विरोधात गेलेले एकमेव न्यायाधीश अमेरिकेचे थॉमस बर्गेन्थाल. वसाहतींमुळे सहाव्या परिच्छेदाचा भंग होतो, हे मात्र त्यांनीही लिहून मान्य केलं. आणि सप्टेंबर 1967 मध्ये इस्रायलच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सरकारला हेच कळवलं होतं: नागरी वस्ती केली तर कराराचा स्पष्ट भंग होईल.

ती जॉर्डनचा मुद्दा काढेलच. 1967 च्या आधी तो प्रदेश जॉर्डनकडे होता, पण ती मालकी जगाने मानलेली नव्हती, म्हणून करार लागू नाही, असं. तेही 2004 ला फेटाळलं गेलं. करारातल्या दोन देशांत युद्ध झालं आणि त्यात प्रदेश ताब्यात आला, एवढं पुरेसं आहे.

जमिनीसाठी एलोन मोरे या वसाहतीबद्दलचा 1979 चा निकाल वाचच. नाब्लूसजवळ लष्करी गरजेच्या नावाखाली खासगी जमीन घेतली होती. वस्ती करणाऱ्यांनीच शपथपत्रावर सांगितलं की आम्ही कायमचे राहायला आलोय. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीन परत करायला लावली. मग सरकारने 1858 च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेतला आणि पडीक जमिनी सरकारी ठरवायला सुरुवात केली. पण जमीन खरोखर सरकारी धरली, तरी युद्ध आणि कब्जाबद्दलच्या 1907 च्या हेग नियमांचं कलम 55 उरतंच. कब्जेदार सत्ता अशा जमिनीची राखणदार. उत्पन्न घ्यावं, मूळ जमीन शाबूत ठेवावी. राखणदाराने शेतात स्वतःच्या भावकीची घरं बांधायची नसतात.

वडिलांच्या पावत्या मात्र कोर्टात नको. तिथे वाद आपल्याच सरकारशी आहे, इथे परक्या सैन्याच्या ताब्यातल्या प्रदेशाचा. ती तुलनाच धरून बसेल आणि तुझा वेळ जाईल.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, पहिला परिच्छेद मी उघडलाच नव्हता, थेट सहाव्यावर गेलो होतो. आज रात्री एलोन मोरे वाचतो. अजून एक: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात हाच गुन्हा लिहिताना ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द घातलेत. इस्रायल त्या कराराचा सदस्य नाही. तरी ‘हलवणे’चा अर्थ सांगताना मला ते शब्द वापरता येतील का?