वेताळाची पहिली वर्षं : तुम्ही ती कधी आणि कशी वाचलीत?

पोटमाळा

आपल्यातल्या बहुतेकांना वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. म्हणजे १९६४ नंतरचा, रंगीत, सगळी वंशावळ पाठ असलेला. पण गडी मुळात वर्तमानपत्रातला. १७ फेब्रुवारी १९३६ ला अमेरिकेत त्याची रोजची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) सुरू झाली. लेखक ली फॉक, चित्रकार रे मूर. रविवारची रंगीत पट्टी १९३९ च्या मे महिन्यात आली. १९४२ मध्ये मूर सैन्यात गेले आणि कुंचला विल्सन मॅकॉय यांच्या हाती आला. मला या पहिल्या सहा वर्षांबद्दल ऐकायचंय. कुठे मिळाली, कशी वाटली, काय खटकलं? इंद्रजालच्या आठवणी चालतील, पण गाडी तिथेच अडकवू नका, एवढी विनंती.

सुरुवात माझ्यापासून. आजोळच्या पोटमाळ्यावर मामाने दाभणाने शिवून ठेवलेले इंद्रजालचे गठ्ठे होते. मे महिन्यात तिथे भट्टी असायची, तरी उतरायचो नाही. पंचेचाळिशीत पहिल्या गोष्टीचं पुनर्मुद्रण हातात पडलं आणि धक्काच बसला. जंगल कुठाय? इथे तर बोट, चाचे, न्यूयॉर्क आणि अंधारातून उगवणारा एक मुखवटेवाला. गोष्टीची नायिका डायना, पुढे वेताळाची बायको होते ती. तिचा एक श्रीमंत, आळसावलेला मित्र आहे, जिमी वेल्स. फॉकच्या मनात आधी हाच जिमी वेताळ निघणार होता. दिवसा लोळायचं, रात्री मुखवटा चढवायचा. (बॅटमॅन यायला अजून तीन वर्षं होती!) गोष्ट चालू असतानाच फॉकचा बेत बदलला, वेताळाला जंगल आणि बापजाद्यांची गादी मिळाली, आणि जिमी बिचारा उगाचच संशयास्पद वागून गेला. आई स्वेटर विणताना अर्ध्यातून नमुना बदलायची आणि खालचा भाग तसाच ठेवायची, त्याची आठवण झाली. रोज छापून गेलेलं उसवणार कसं?

एक सूचना. एका बैठकीत वाचू नका. प्रत्येक पट्टी कालचं थोडं पुन्हा सांगते, चाळीसेक पानांत डोकं उठतं. ही गोष्ट फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरात संपली होती. मी रोज चहाबरोबर तीन पट्ट्या ठेवल्या, तेव्हा कुठे रंगत आली.

दर्यावर्दी

पहिल्या गोष्टीत चाचे कशाच्या मागे असतात ते सांगायचं राहिलं की! डायना बोटीवरून जे घेऊन येत असते ते अंबर. म्हणजे आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात पोलीस ज्यापायी माणसं पकडतात ती व्हेल माशाची उलटी. आमच्या घरी हे कळल्यावर वडील म्हणाले, “मग त्याला जंगलात कशाला पाठवला? इथेच ठेवायचा होता.”

गोठलेला मालवणी

गोथेनबर्गमध्ये नोकरीला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात इथल्या जुन्या बाजारात, ज्याला हे लोक लोप्पिस म्हणतात, खोकंभर वेताळ मिळाला. इकडे त्याचं मासिक १९५० पासून चालू आहे, नाव ‘फान्तोमेन’. स्वीडिश भाषा मी वर्गात कमी आणि त्यात जास्त शिकलो. त्यामुळे सुरुवातीला मला ‘दगा’ आणि ‘कवटी’ यांचे शब्द येत होते, पण दुकानात कोथिंबीर मागता येत नव्हती.

तर मुद्दा असा की इथला वेताळ निळा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी शपथेवर सांगतो की तो निळाच आहे, जांभळा म्हणजे छपाईची चूक. आमचं यावरून जेवणाच्या सुट्टीत खरोखर वाजलं. शेवटी १९३६ च्या पट्ट्या काढून दाखवल्या. त्यात रंगच नाही! फॉकच्या डोक्यात तो करडा होता. रविवारची पट्टी आली तेव्हा त्याला जांभळा करण्यात आला. म्हणजे पहिली तीन वर्षं वाचकाने मनात हवा तो रंग भरायचा. सहकाऱ्याने हे मान्य केलं, आणि मग म्हणाला की त्याच्या मनात निळाच आला असता.

उलटी घडी

मला डायनाबद्दल बोलायचंय. लहानपणी ती मला आवडायची नाही. विमानातून यायची, पळवली जायची, सुटायची, परत जायची. लग्न लागलं तेही १९७७ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी! आमच्या आत्याचं इतकं लांबलं असतं तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं.

पण पहिल्या वर्षातली डायना वेगळीच निघाली. ती मोहिमेवरून परतते आहे, मालाची धनीण तीच, आणि मुखवटेवाला कोण हे शोधायचं कामही तीच अंगावर घेते. दुसऱ्या गोष्टीत तर विमानातून दरोडे घालणाऱ्या बायकांची आख्खी टोळी आहे. त्यांची म्होरकी आणि तिच्या हाताखालची साला, दोघी वेताळावर भाळतात, ते वाचताना मी कपाळाला हात लावला, ते सोडा. पण विमानं चालवणाऱ्या बायका १९३६ साली पेपरात रोज दिसत होत्या. मग आमच्या वाट्याला सतत सोडवून आणायची डायनाच का आली, याचा राग मला आता चाळिशीत येतोय.

जुना पेंटर

मंडळी, मी कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवत असे. गोष्टीतलं मला फार कळत नाही. नातवाने मूरसाहेबांची चित्रं संगणकावर मोठी करून दाखवली तेव्हा दोन तास उठलो नाही.

बघा, वेताळ भिंतीला टेकून उभा आहे असं एक चित्र घ्या. अंगावर रेघा जवळजवळ नाहीत. अर्धं अंग सरळ काळ्यात बुडवलंय, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत पांढऱ्याची एक चिंधी सोडली आहे. तेवढ्यावर हात गोल दिसतो. आमचे उस्ताद म्हणत, पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. पेपरचा कागद शाई पितो, बारीक रेघ फुटते, गच्च काळं मात्र टिकतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुखवट्यात बुबुळं नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी. मी भीतीने नव्हे, हेव्याने बघत राहिलो.

मॅकॉय आल्यावर हा काळोख उजळत गेला. माणसं सपाट झाली, पुठ्ठ्यातून कापल्यासारखी. इंद्रजालमध्ये आपण जे पुढचे सुबक चित्रकार पाहिले, साय बॅरी वगैरे, त्यांचा हात चोख. पण चोख म्हणजे चोखच.

वाकडा प्रश्न

सगळे गोडवे गाताय म्हणून मीठ टाकतो. पहिल्या गोष्टीतल्या चाच्यांच्या टोळीचं मूळ नाव सिंग ब्रदरहूड. वेताळाच्या बापाचा खुनी, नाव रामा. आणि त्याचं जंगल बेंगाला, सुरुवातीला आशियाकडचं. आफ्रिकेत ते नंतर गेलं. इंद्रजालवाल्यांनी सिंगचं सिंगा केलं, रामाचं रामालू आणि बेंगालाचं डेंकाली. म्हणजे आपल्याला लहानपणी दिलेला वेताळ धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिलेला होता. मूळ वाचताना मला पहिल्यांदा कळलं की या चित्रात आपण वेताळाच्या नाही, समोरच्या बाजूला उभे आहोत.

वेताळाच्या जंगलातल्या बुटक्या ‘बांदर’ जमातीची चित्रं तर मुलीसमोर उघडावीशी वाटली नाहीत. गोरा राजा आणि त्याला देव मानणारे काळे लोक. त्या काळचं होतं, मान्य. पण मी आजच्या काळात बसून वाचतोय ना.

पोटमाळा

@वाकडा प्रश्न, रामालूचं मला खरंच माहीत नव्हतं. मामाच्या गठ्ठ्यात आता ती गोष्ट शोधतो. वाळवीने काही ठेवलं असेल तर.

चौथी चौकट

उशिरा आले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, थेंब आणि काळा चष्मा चालू आहे, पेपर बंद. ते पट्टीचे इंद्रजालवाले. या धाग्यावरून सुचलं म्हणून रोज रात्री १९३६ ची एक पट्टी वाचून दाखवते. मजकूर दोन मिनिटांत संपतो, चित्र सांगायला दहा लागतात. पेंटरकाकांचं मी त्यांना वाचून दाखवल्यापासून त्यांचा प्रश्न ठरलेला, “आज काळं किती आहे?” मी सांगते, पाऊण चौकट.

कालची पट्टी वेताळ खिडकीत असताना संपली. पुढची मागितली, दिली नाही. सकाळपासून दोनदा माझ्या खोलीत काहीतरी शोधायला म्हणून आलेत.